स्लॅब पेलणार नाही

इमारतीत त्यांना सगळे बॉयलरकाका म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं. कोळशावरच्या वीजकेंद्रात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. त्यातली शेवटची बारा ते दोन नंबरच्या युनिटचे शिफ्टप्रमुख होते. निवृत्त झाल्यावर शहरात, चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, पण बोलण्यातून युनिट काही गेलं नाही. एखादा बाप 'आमची थोरली' म्हणतो ना, तसं ते 'आमचं दोन नंबर' म्हणायचे.

घरात विजेचा हात मोकळा. केंद्राच्या वसाहतीत वीज फुकट होती, त्यामुळे बटण बंद करायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. तीन खोल्या, तीन एसी. सकाळी लावलेला गिझर काकूंना आठवला तर दुपारी बंद व्हायचा, नाहीतर तोही आपला दिवसभर गरम होत बसायचा.

"अहो, त्या खोलीत कुणी नाही. पंखा कुणाला वारा घालतोय?" काकू विचारायच्या.

"फिरू दे गं. आयुष्यभर वीज तयार केली, आता चिमूटभर विजेसाठी जीव जाळू?"

दुसऱ्या मजल्यावर भूगोलाच्या बाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बारीक चणीच्या. जिन्यात भर दुपारी दिवा चालू दिसला की त्या दोन मजले उतरून बंद करून यायच्या. बॉयलरकाकांनी त्यांचं नाव 'अंधारबाई' ठेवलं होतं. ते बाईंच्या कानावर गेलं, तेव्हा त्या मनापासून हसल्या. "चला, या वयात पदवी तर मिळाली," म्हणाल्या.

या बाईंनी एके वर्षी गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं मनावर घेतलं. तीन महिने त्या सोळाच्या सोळा घरांत जाऊन बसल्या, कोण दिवसा किती वीज वापरतं ते विचारलं, पाण्याचा पंप किती वेळ चालतो ते घड्याळ लावून पाहिलं. पॅनेल बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावून गच्ची मोजून घेतली. त्याच्या अहवालाची एकेक प्रत प्रत्येक घरात दिली. अकरा घरं तयार झाली. उरलेल्यांचंही 'सगळे करतील ते' असं होतं.

रविवारी सकाळी खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडून बैठक झाली. बाई उभ्या राहून बोलल्या. वर्गात बोलावं तसं, सावकाश.

"आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. पण ती वीज कुठंतरी कोळसा जाळून आलेली असते. धूर आपल्या खिडकीतून दिसत नाही, एवढंच. कुणाच्या तरी खिडकीतून तो दिसतोच. आपली गच्ची दिवसभर उन्हात तापत पडलेली असते. तिच्यावर दुपारची निम्म्याहून जास्त वीज तयार होईल. तेवढा तरी कोळसा आपल्या नावानं जळायला नको."

'कुणाच्या तरी खिडकीतून' हे शब्द बॉयलरकाकांना झोंबले. आपल्या एकतीस वर्षांना कुणीतरी चारचौघांत घाण म्हणतंय असं वाटलं त्यांना. वादळात सगळी लाइन पडली तेव्हा सलग तीस तास कंट्रोल रूममध्ये उभे राहिलो, ते कुठं गेलं? इस्पितळांत दिवे लागले ते कुणामुळं? ते उठले.

आधी ढगाळ दिवसांचं बोलले, मग धुळीचं, मग वाऱ्याचं. लोक माना डोलवत होते, पण बाईंकडे प्रत्येकाला उत्तर होतं. शेवटी काका म्हणाले, "हे सगळं राहू द्या. इमारत पंचवीस वर्षांची आहे. स्लॅब पेलणार नाही."

सगळ्यांच्या माना वर छताकडे वळल्या.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"एकतीस वर्षं यात काढली, बाई."

एकतीस वर्षं बॉयलरमध्ये काढली होती, स्लॅबमध्ये नव्हे. पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. डोक्यावर गच्ची कोसळेल म्हटल्यावर कोण कशाला विचारात पडतंय? चौथ्या मजल्यावरच्या माणसानं तर तिथल्या तिथे हात आखडता घेतला. पाच मिनिटांत विषय संपला. बाईंनी कागदांची नीट घडी केली, काकांकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही म्हणताय तर."

आणि काकांना माहीत होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी तो अहवाल दोनदा वाचला होता. पॅनेलांचं वजन त्यात लिहिलेलं होतं. कुणाच्या वाढदिवसाला गच्चीवर चाळीस माणसं जमतात, तेव्हा त्याहून जास्त भार पडतो. स्लॅब आरामात पेलणार होता.

जिना चढताना काकूंनी विचारलं, "खरंच पडेल का हो गच्ची?"

"पडेल असं कोण म्हणालं? पेलणार नाही म्हणालो."

काकूंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांचं हे न विचारणं काकांना दोन दिवस खुपलं. मग विसरायला झालं.

दोन वर्षांनी बाईंचे गुडघे जिन्यापुढे हरले आणि त्या दुसऱ्या शहरात मुलीकडे राहायला गेल्या. त्याच सुमारास काकांना बातमी कळली. दोन नंबरचं युनिट जुनं झालं म्हणून बंद होणार होतं, ते आणखी दहा वर्षं चालवायचं ठरलं होतं. काकांनी ती बातमी इमारतीत घरोघरी सांगितली. बाई सामान बांधत होत्या, त्यांच्याही दारात जाऊन सांगितली. "बघा बाई, म्हातारं अजून धावतंय!"

बाई म्हणाल्या, "हो का?" आणि पुस्तकांच्या खोक्याला दोरी आवळत राहिल्या.

आणखी तीन वर्षं गेली. उन्हाळे वाढत गेले तसे इमारतीच्या भिंतींवर एसीचे डबेही वाढत गेले. अशाच एका उन्हाळ्यात दुपारी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. चार वर्षांनी मोठी, विधवा, मुलं लांब नोकरीला. वीजकेंद्रामागच्या गावात, वडिलांच्याच घरात राहायची. केंद्र उभं राहिलं तेव्हा त्यांची शेतजमीन त्यात गेली होती आणि जमिनीबदल्यात घरटी एक नोकरी मिळाली होती. ताई तेव्हा शिकलेली होती, गणितात तर भावापेक्षा कितीतरी सरस. पण नोकरीच्या कागदावर नाव कुणाचं, हा प्रश्न घरात कुणी विचारलासुद्धा नाही. भावाचं नाव लागलं. ताईनं त्याला पहिल्या दिवशी डबा भरून दिला होता.

"घरी नोटीस आलीय," ताई फोनवर म्हणाली. "राखेचं तळं वाढवणार आहेत. आपल्या बाजूची सगळी घरं जाणार. तू एकदा येऊन जा. तुझी तिथं ओळख आहे."

काका दुसऱ्या दिवशी गेले.

कोळसा जळला की राख उरते. ती पाण्यात कालवून मोठमोठ्या नळांतून गावाशेजारच्या तळ्यात सोडतात. हे काकांना पाठ होतं. त्यांच्या शिफ्टच्या वहीत रोज किती टन राख गेली तो आकडा असायचा. पण वसाहत केंद्राच्या पुढच्या अंगाला होती, वाऱ्याच्या अलीकडे. तळं होतं मागे, आणि मागे ताईचं घर.

ते पोचले तेव्हा ऐन दुपार होती आणि वारा सुटला होता. तळ्याच्या कोरड्या काठावरून राख उठत होती, गिरणीत पीठ उडावं तशी. ताईच्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद. आत दोरीवर ओले कपडे.

"बाहेर ऊन आहे की एवढं," काका म्हणाले.

"बाहेर वाळत घातले तर पुन्हा धुवावे लागतात."

तिनं पाण्याचं भांडं पुढे केलं. त्याच्यावर झाकण होतं. घरात सगळ्यावर झाकण होतं, मीठ-साखरेपासून टीव्हीपर्यंत. बोलताना ती मध्येच थांबायची, खोकायची, आणि काही झालंच नाही अशी पुढे बोलायला लागायची. काकांना आठवेना, हा खोकला कधीपासून आहे. वर्षातून तीन-चारदा ते इथं येत होते.

"तू साहेब लोकांना विचार," ताई म्हणाली. "राखेला दुसरीकडे जागा नाही का? पाच-सहा वर्षांत मी तशीही जाईन. तोवर थांबा म्हणावं."

काका केंद्रात गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेला सहकारी आता त्यांच्याच खुर्चीत बसत होता. त्याचेही केस पांढरे व्हायला लागले होते. तो उठून पाया पडणार होता, काकांनी हात धरला. कँटीनमध्ये चहा घेता घेता काकांनी विषय काढला.

"साहेब, तुमच्यापासून काय लपवायचं?" तो म्हणाला. "जुनं तळं भरत आलं. दोन नंबर ठरल्याप्रमाणे बंद झालं असतं, तर आहे तेवढं तळं पुरलं असतं. ते चालू ठेवलं, म्हणून राखेला जागा हवी."

"मग चालू ठेवलं कशाला?" हे विचारताना काकांचा आवाज चढला, आणि लगेच त्यांना त्या घरोघरी सांगितलेल्या बातमीची आठवण झाली.

सहकाऱ्यानं मोबाइलवर एक आलेख काढून दाखवला. दुपारी बारापासून रेषा चढत होती ती संध्याकाळपर्यंत खाली यायचं नाव घेत नव्हती. "हा तुमच्या शहराकडचा भार. घरगुती. पूर्वी दुपारी एवढा नसायचा. आता सगळीकडे एसी. धरून चाललो होतो की लोक गच्च्यांवर सौर बसवतील, निदान दुपारचा भार आपोआप उतरेल. तसं झालं नाही. बऱ्याच ठिकाणी लोकच नको म्हणाले म्हणे. मग म्हातारं युनिट ओढायचं, दुसरं काय? आणि म्हातारं असल्यामुळे तेवढ्याच विजेला ते कोळसाही जास्त खातं."

काकांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"एका इमारतीच्या गच्चीनं काय फरक पडला असता?" त्यांनी विचारलं.

"एका गच्चीनं? काही नाही, साहेब."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण प्रत्येक इमारतीत असाच कुणीतरी उठला असणार, छातीवर हात ठेवून काहीतरी ठोकून दिलं असणार आणि खाली बसला असणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

ते परत आले तेव्हा ताई खिडकीची चौकट ओल्या फडक्यानं पुसत होती. काकांनी तिला सगळं सांगितलं. आलेखाचं, युनिटचं, गच्च्यांचं.

"म्हणजे लोक खूप वापरतात म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"तू किती वापरतोस?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "तीन एसी आहेत," ते म्हणाले.

"माणसं दोन ना तुम्ही?" ताई हसायला लागली आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. काका पाठीवर हात फिरवायला उठले, पण तिनं हातानंच थांबवलं.

मग त्यांनी बैठकीचं सांगितलं. स्लॅबचं. असं बोलायला आयुष्यात पहिल्यांदाच तोंड उघडत असल्यासारखे अडखळत. ताई फडकं पिळत ऐकत होती.

"नोकरी खरं तर तुझी होती," ते शेवटी म्हणाले. "मी घेतली. आणि राख तुझ्या अंगणात टाकली."

"उगाच काहीतरी," ताई म्हणाली. "मला मिळाली असती तर मीही तोच कोळसा जाळला असता. तेव्हा तेच होतं. त्याचं माझ्या मनात काही नाही." तिनं फडकं झटकलं. "पण तू इतकी वर्षं येतोस. एकदाही विचारलं नाहीस, ताई, खिडक्या का बंद असतात?"



शहरात परतल्यावर त्यांनी सोसायटीची बैठक बोलवायला लावली. काकू म्हणाल्या, "आता कशाला स्वतःची शोभा करून घेताय?" पण अडवलं नाही. उलट पहिल्यांदाच त्या त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"पाच वर्षांपूर्वी मी इथं खोटं बोललो," काका म्हणाले. "स्लॅब तेव्हाही पेलणार होता, आजही पेलेल. मला माहीत होतं."

लोक चिडतील, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. चौथ्या मजल्यावरचा माणूस म्हणाला, "जाऊ द्या हो काका, झालं गेलं." कुणीतरी मोबाइल बघत होतं. दोघं-तिघं नवे भाडेकरू होते, त्यांना विषयच माहीत नव्हता. पाच वर्षं आपण जे खोटं दडवून ठेवलं त्याला इथं कवडीचीही किंमत नाही, हे पाहून काकांना शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं, असं झालं.

पॅनेल बसवायचं मात्र हातोहात ठरलं. सगळीकडेच बसत होती आता. कंपनीकडून एक मुलगी आली, गच्चीवर फिरली, आकाशाकडे यंत्र धरून सावल्या मोजल्या आणि कपाळाला आठी घातली.

"ती इमारत कधी झाली?" तिनं पश्चिमेकडे बोट केलं. तिथं बारा मजले उभे होते.

"दोन वर्षं झाली असतील."

"दुपारी दोननंतर तुमची अर्धी गच्ची तिच्या सावलीत जाते. नेमकी तुम्हाला वीज हवी असते तेव्हाच. जुन्या अहवालात पूर्ण गच्ची धरलीय. तेव्हा बसवली असती तर पहिली तीन वर्षं तरी पूर्ण मिळाली असती." मग ती सहज म्हणाली, "आता जेवढं ऊन आहे तेवढ्याचं बसवू."

अर्ध्या गच्चीवर पॅनेल बसली. पंप, जिन्यातले दिवे आणि घरांचा दुपारचा थोडा भार त्यांच्यावर चालायला लागला. काकांनी दोन एसी काढून टाकले. तिसरा काकूंच्या रक्तदाबासाठी ठेवला, तो ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी तेवढा लागायचा. गिझर कधी लावायचा, कधी बंद करायचा, याची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली. सुरुवातीला विसरायचे. तेव्हा काकू काही न बोलता त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहायच्या.

बाईंचा नंबर मिळवून त्यांनी एका सकाळी फोन लावला. ख्यालीखुशाली झाली. मग त्यांनी सांगितलं.

"मला तेव्हाच माहीत होतं," बाई पलीकडून म्हणाल्या. "वजन माझ्याच कागदात होतं की. मी दोनदा तपासलं होतं."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"चारचौघांत तुम्हाला खोटं पाडायचं जिवावर आलं. आणि खरं सांगू? थकले होते हो. तीन महिने जिने चढत होते. वाटलं, जाऊ दे." त्यांचा आवाज बारीक झाला. "ते चुकलंच माझं. तुमचं चुकलं ते चुकलंच, पण माझंही चुकलं. भांडायला हवं होतं."

काकांना माफी मागायची होती. इथं तर समोरून दुसराच माणूस चूक अंगावर घेत होता. "पॅनेल छान चालतायत," ते म्हणाले.

"अर्ध्या गच्चीवर ना? मला लेक दाखवते नकाशात, तुमच्याकडची ती उंच इमारत," बाई म्हणाल्या. "असू दे. सुरू झालं ना."

ताईचं घर वाचलं नाही. केंद्रानं गावाला दुसऱ्या अंगाला, चार मैलांवर, एका ओळीत बांधलेली घरं दिली. काका ताईला म्हणाले, माझ्याकडे चल. ती नको म्हणाली. तिच्या शेजारणी त्या ओळीत राहायला जाणार होत्या, तिला त्यांच्यात राहायचं होतं. सामान हलवायला काका आठ दिवस तिथं राहिले. नव्या घराच्या खिडक्या ताईनं पहिल्याच दिवशी सताड उघडल्या. खोकला मात्र तिच्याबरोबर आला. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांचं आहे, आता ते जाणार नाही, वाढू नये एवढं बघायचं.

पुढच्या हिवाळ्यात नव्या तळ्याचा बांध पूर्ण झाला. राख सोडायच्या दिवशी जुन्या सहकाऱ्यानं काकांना कळवलं. ताईला यायचं नव्हतं. काका एकटेच जाऊन बांधावर उभे राहिले. सकाळची वेळ होती. घरं पाडून सपाट केली होती, पण परसातली झाडं तशीच उभी होती. वडिलांनी लावलेली ती झाडं वरून त्यांनी बरोबर ओळखली. नळातून आधी नुसती हवा आली, मग करडं पाणी, मग दाट करडा लोट. तो जमिनीवर पसरत, सगळे खड्डे भरत पुढे सरकला आणि झाडांच्या बुंध्यांना लागला.

काका दुपारपर्यंत तिथं होते. मग ताईकडे गेले. ती दारात बसली होती.

"परसातली झाडं आधी तोडली की तशीच बुडवली?" तिनं विचारलं.

तोडली म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी चपला काढल्या, तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"तशीच बुडवली, ताई," ते म्हणाले.

ताईनं मान हलवली. मग ती गुडघ्यावर हात रोवून उठली आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.